पक्कड

चौक ओलांडताना, अगदी मधोमध, अप्पा खाली बसले. पडले असते तर गोष्ट वेगळी होती. पडलेल्या माणसाकडे लोक धावतात. ते बसले. उजवा गुडघा मागून कुणी टिचकी मारल्यासारखा मुडपला, डावा त्याच्या मागोमाग गेला, आणि दुकानाच्या पायरीवर टेकावं तसे ते रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर टेकले. त्यांचा हात लेकीच्या हातात होता. समोरच्या सिग्नलमधला हिरवा माणूस लुकलुकायला लागला होता. त्यांना चष्म्याच्या दुकानात सोडून तिला मेडिकल कॉलेज गाठायचं होतं, पहिलंच लेक्चर तिचं होतं, आणि डावीकडून एका मोटारीने भोंगा वाजवला, मग दुसरीने. तिने हात ओढला. पुन्हा ओढला. हात आला, अप्पा आले नाहीत. "उठा ना," ती म्हणाली, आणि मग वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा तो आवाज लावून, "अप्पा, उठा! नाटकं बास झाली!" नेमके त्याच क्षणी भोंगे थांबले. तिचं वाक्य एकटंच चौकात उभं राहिलं. अप्पांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुःखानेही नाही. गिऱ्हाइकाने बिघाड भलतीकडेच दाखवावा आणि कारागिराने काही न बोलता त्याच्या तोंडाकडे बघावं, तसं. बाजारातून परतणारी एक जाडजूड बाई पिशव्या तिथेच रस्त्यावर ठेवून पुढे झाली, मागून त्यांच्या काखांत हात घातले आणि एका दमात त्यांना उभं केलं. "काका, सावकाश. कुणाला घाई नाहीये," ती म्हणाली. लेकीला मात्र ती काहीच म्हणाली नाही. बघितलंही नाही. पिशव्या उचलून चालती झाली. पलीकडच्या फुटपाथवर अप्पांनी पॅंट झटकली, बोटांनी नाही, हाताच्या पाठीने, मांजर तोंड पुसतं तशी. "जा तुम्ही, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "वर्ग खोळंबला असेल तुमचा."

मास्तरीण हा किताब जुना होता. लहानपणी ती त्यांच्या कामाच्या पिशवीतले पाइपांचे तुकडे भिंतीशी ओळीने उभे करून त्यांना पाढे शिकवायची, उत्तर न देणाऱ्याला छडी मारायची, तेव्हापासूनचा. पण त्याच्यापुढे 'बाई' आणि 'तुम्ही' लागलं की समजायचं, कुठेतरी लागलंय. आई गेली त्या वर्षी, दवाखान्यातून यायला तिला उशीर झाला होता तेव्हा ते असंच बोलले होते. बसमध्ये दांडीला लोंबकळत ती स्वतःशी हिशेब जुळवत राहिली: मी ओरडले ते गाड्यांमुळे, त्यांच्या जिवाच्या भीतीने, ओरडले नसते तर ते बसूनच राहिले असते. खरं होतं सगळं. तरी तो 'नाटकं' हा शब्द जिभेवर कडू औषधासारखा राहिला होता. कारण तो शब्द चौकात सुचलेला नव्हता. तो गेले कितीतरी महिने तिच्या तोंडात तयार होता. आज फक्त बाहेर पडला.

वर्गात तिने खडू उचलला आणि दरवर्षी काढते तीच आकृती काढायला घेतली. हा धडा तिचा लाडका. कंटाळलेली पोरंही या धड्याला मान वर करतात, हे तिला ठाऊक होतं. स्नायू म्हणजे जुड्यांची जुडी, ती सांगत होती. जुडीच्या आत जुडी, तिच्या आत तंतू, केसाएवढा बारीक. एकेका तंतूच्या आत आणखी बारीक दोऱ्या, आणि दोरीवर एकापुढे एक खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. प्रत्येक खोलीच्या दोन्ही भिंतींना बारीक तंतू चिकटलेले, ते ॲक्टिनचे. मधोमध जाड तंतू, ते मायोसिनचे. जाड तंतूंना चिमुकली डोकी असतात. मेंदूचा निरोप आला, तंतूच्या पोटात कॅल्शियम सुटलं, की ही डोकी शेजारच्या बारीक तंतूला धरतात, मान वाकवून ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. "आता लक्षात ठेवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला, "कुठलाच तंतू आखूड होत नाही. ते एकमेकांत फक्त सरकतात. भिंती जवळ येतात. तुम्ही पेन उचललंत तेव्हा एवढंच झालं, कोट्यवधी खोल्यांत भिंती जवळ आल्या." मग नेहमीचं वाक्य: "आणि स्नायूला एकच गोष्ट येते, ओढणं. त्याला ढकलता येत नाही." या वाक्याला दरवर्षी पोरं चुळबुळतात, कुणीतरी शेजाऱ्याला ढकलून दाखवतं, हशा होतो. आजही झाला. तिच्या उजव्या हाताला मात्र अप्पांच्या हाताचं वजन आठवलं. हात आला होता, अप्पा आले नव्हते.

त्या हाताला गल्लीत नाव होतं. पक्कड. अप्पा नळाचं काम करायचे. जिथे इतरांचे पाने घसरायचे तिथे त्यांची बोटं चालायची. गंजून बसलेले नट ते नुसत्या हाताने फिरवायचे आणि मग पान्याकडे बघून म्हणायचे, "तू बस, दमला असशील." बायका लोणच्याच्या नि मुरंब्याच्या बरण्या घेऊन दाराशी यायच्या. पक्कड आहे का घरात? लहानपणी रस्ता ओलांडताना ते तिचं मनगट धरायचे, हात नाही, मनगट. ते दुखायचं, लाल व्हायचं, आणि ती मोटारींना मुळीच भ्यायची नाही. त्याच हातातून गेल्या हिवाळ्यात पहिला पेला सुटला. मग दुसरा. मग ते पेला दोन्ही तळव्यांत धरायला लागले, जणू थंडीत ऊब घेताहेत. शर्टाची वरची गुंडी लावेनात. जिना उतरताना कठडा धरून एकेक पाय खाली सोडायचे. "वापरा, अप्पा, वापरा," ती म्हणायची. "स्नायू वापरला नाही तर झडतो. आई गेल्यापासून तुम्ही खुर्ची सोडत नाही, मग दुसरं काय होणार?" तिने त्यांना व्यायाम लावून दिला होता: खुर्चीची पाठ धरायची, गुडघ्यात वाकायचं, उठायचं, रोज सकाळ-संध्याकाळ. कामावरून आली की चपला काढता काढता ती विचारायची, केलं का? ते म्हणायचे, केलं. तिचा विश्वास बसायचा नाही. केलं असतं तर फरक पडला नसता का?

"मॅडम," दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला होता. बहुधा बराच वेळ. "माणसाची इच्छा आहे, निरोपही बरोबर गेलाय, आणि तरी स्नायू ओढत नाही, असं होतं का?"

"होतं," ती म्हणाली. उत्तर तयारच होतं, इतकी वर्षं तयार होतं. तंतूतच बिघाड असला तर होतं. ते तुम्हाला पुढे शिकायचंय. प्रत्येक आजाराची आपली आवड असते, कुणी खांदे धरतं, कुणी कंबर. "एक आजार तर असा आहे," ती बोलत गेली, कारण अशा बारीकसारीक गोष्टी सांगायची तिला हौस होती, "उतारवयातला. तो मांडीचा पुढचा स्नायू धरतो, म्हणून माणूस अचानक गुडघ्यात मुडपून खाली बसतो. आणि कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू धरतो, म्हणून बोटं मिटत नाहीत, हातातून वस्तू..." ती थांबली. मुलीने वहीत लिहायला घेतलं होतं, ती पुढच्या शब्दासाठी वर बघत राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी जिन्यावरून खिदळत खाली गेलं. "सुटतात," तिने वाक्य पुरं केलं, आणि वर्ग सोडून दिला.

शिक्षकांच्या खोलीत जाऊन ती नळाखाली हात धरून उभी राहिली. मला माहीत नव्हतं, असं म्हणून बघितलं. ते टिकेना. मागे एका सकाळी तिने अप्पांची नखं काढली होती, कारण नखं काढायचं यंत्र त्यांच्याने दाबवत नव्हतं. त्यांचा हात उताणा तिच्या मांडीवर होता. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, जिथे पूर्वी दोराच्या वेटोळ्यासारखं भरीव होतं, तिथे खोलगट झालं होतं. नदी आटल्यावर पात्र दिसतं तसं. तिची नजर त्या खळग्यावरून गेली होती आणि, हे तिला आता अगदी स्पष्ट आठवत होतं, तिने नजर उचलून नखांवर ठेवली होती. उचलली होती. नजर आपोआप सरकत नाही. डोळ्यालाही स्नायू असतात, कुणाला तरी ते ओढावे लागतात. तिने म्हटलं होतं, म्हातारपण. आणि त्याच सकाळी, करंगळीचं नख काढताना, तिने त्यांना सांगितलं होतं की दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला वर्षभरासाठी बोलावलंय. तिचे केस पिकेपर्यंत वाट बघितलेलं बोलावणं. म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंवर काम होतं. एकेक तंतू सुटा करून तो किती जोराने ओढतो ते मोजायचं. "एक वर्ष काय, आत्ता जाईल," अप्पा म्हणाले होते. "मी काय लहान आहे का?" त्यांना एकटं राहता येण्यासाठी ते धडधाकट असायला हवे होते. धडधाकट माणूस पेले फोडत असेल तर तो आळशी असायला हवा, हट्टी असायला हवा, बायकोच्या मागे मन मोडून बसलेला असायला हवा. तिला ते आळशी हवे होते. म्हणून ते आळशी होते. पाणी वाहत राहिलं होतं. शेजारच्या मेजावरून जीवरसायनशास्त्राचे सर म्हणाले, "अहो, नळ," आणि तिने नळ बंद केला, तोही चटकन, एका पिळात, सहज. एवढं सहज, की तिला स्वतःच्या मनगटाचा राग आला.

दुपारचं प्रात्यक्षिक दुसऱ्या बाईंवर सोपवून ती घरी आली. चष्मेवाल्याने अप्पांना टॅक्सीत बसवून दिलं होतं, हे त्यानेच फोनवर सांगितलं होतं. दार तिने आपल्या किल्लीने उघडलं. आतल्या खोलीतून आवाज येत होता, अप्पांचा, मोजल्यासारखा. "सात," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही, फक्त लाकूड करकरल्याचा आवाज, आणि श्वास. "सात," ते पुन्हा म्हणाले. ती दाराच्या चौकटीपर्यंत गेली. अप्पांची पाठ तिच्याकडे होती. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात धरलेले नव्हते, काखा अडकवल्या होत्या. गुडघ्यात वाकून खाली गेले होते आणि आता वर येणं जमत नव्हतं. ते खुर्चीला छातीशी घेऊन, हनुवटी तिच्या पाठीवर रेटून, इंच इंच वर सरकत होते, आणि मध्येच घसरून पुन्हा खाली येत होते. अर्धवट झालेली बैठक ते धरत नव्हते. पुरी झाली तरच पुढचा आकडा. पॅंट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली होती आणि नडग्यांवर डाग होते. काही ताजे जांभळे, काही पिवळे पडलेले, काही त्यांच्याखालचे, जुने. किती महिने ते खुर्चीच्या पायावर, पलंगाच्या कडेवर आपटत राहिले असतील आणि संध्याकाळी तिने विचारल्यावर म्हणत राहिले असतील, केलं. "सात," अप्पा म्हणाले.

"अप्पा, राहू द्या," ती म्हणाली. ते दचकले. तिने पुढे होऊन त्यांना धरलं, खुर्चीवर बसवलं. त्यांनी घाईने पॅंट खाली ओढली, चोरी पकडल्यासारखी. "आज लवकर?" म्हणाले. "घंटा झाली का शाळेची?" ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. "मूठ करा." त्यांनी केली, अंगठा बाहेर राहिला, बोटं अर्ध्या वाटेत थांबली. तिने मधल्या बोटाचा सांधा चिमटीत पकडला. "फक्त टोक वाकवा." अप्पांनी बोटाकडे पाहिलं. कपाळावर आठी आली, मानेची शीर तटतटली, सगळा माणूस त्या बोटाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. टोक हललं नाही. "ऐकत नाही बघ," अप्पा म्हणाले, आणि हसले, वाह्यात पोराबद्दल शेजाऱ्याशी हसावं तसे. "केव्हापासून ऐकत नाही?" "आता काय सांगू. तू म्हणालीस वापर, म्हणून वापरतोय." यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने तो शोधला. नव्हता.

पुढच्या गोष्टी झपाट्याने झाल्या, कारण त्या तिच्या जगातल्या होत्या. तिने नुसतं सांगायचा अवकाश, न्यूरॉलॉजिस्टबाईंनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं, विजेच्या सुया टोचून झाल्या, मांडीतून चिमूटभर स्नायू काढून झाला. ती खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. कॉलेजच्याच या इमारतीत ती नेहमी आतल्या बाजूला असायची, पांढऱ्या कोटात. बाकावरून दारं किती उंच दिसतात हे तिला माहीत नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टबाई तिच्याच वयाच्या, कॉलेजात एक वर्ष पुढे असलेल्या. "व्यायामाने हे झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या मनात ते असेल तर काढून टाक." ते तिच्या मनात नव्हतंच. कुणीतरी भलत्याच गुन्ह्यातून तिला सोडून देत होतं, आणि ती मान हलवत होती. "आणि खरं सांगू, वर्षभर आधी कळलं असतं तरी हातात काही नव्हतं. याला औषध नाही." हेही तिला माहीत होतं. पण वर्षभर आधी कळलं असतं तर त्या नडग्या... आणि तो चौक. औषध नसलं तरी एवढं टळलं असतं. औषध नसणं ही तिच्यासाठी सोय होती की शिक्षा, ते तिला ठरवता येईना.

पॅथॉलॉजीच्या सरांनी सहज विचारलं, स्नायूची एक स्लाइड आलीय, बघणार का? आकडा तिच्या ओळखीचा होता, अप्पांचा. नको म्हणायला हवं होतं. ती सूक्ष्मदर्शकाशी बसली. निरोगी स्नायूचा आडवा काप तिने आयुष्यात इतक्या वेळा पाहिला होता की डोळे मिटूनही दिसावा: कोनाकोनांचे तुकडे, एकमेकांना चिकटून, निगुतीने बसवलेल्या फरशीसारखे. इथे फरशी उखडली होती. काही तंतू सुकून पिचलेले, काही एकटेच फुगलेले, मधल्या फटींत चरबी नि पांढऱ्या पेशींचे थवे. काही तंतूंच्या आत भोकं होती, कडेला रंग साचलेली. वाळवीने आतून पोखरलेल्या लाकडाला असतात तशी. आणि त्यांच्यामध्ये, तिने बारीक चाक फिरवून नीट पाहिलं, काही तंतू अजून शाबूत होते. अगदी पुस्तकातल्यासारखे. म्हणजे ते सगळे महिने हेच ओढत होते. शेजारचे मेलेले, पोखरलेले, आणि हे एवढेसे उरलेले, सबंध माणसाला खुर्चीच्या पाठीवरून वर ओढत होते, कारण एका मास्तरणीने सांगितलं होतं. तिला वाटलं, आपण यांना अप्पा म्हणून ओळखतो. त्या दोन-चार तंतूंना. सर मागे उभे होते, त्यांनी हळूच म्हटलं, "अगदी नमुनेदार स्लाइड आहे. विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी." त्यांना माहीत नव्हतं कुणाची ते. काचेवर फक्त आकडा होता. "दाखवा," ती म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

अप्पांना सांगायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. शेकडो पोरांना समजावलेली गोष्ट, पण शब्द सापडेनात. खोल्या, भिंती, डोकी, सगळं सांगून ती घुटमळली.  अप्पांनी आपल्या कामातला प्रश्न विचारला. "म्हणजे वॉशर गेलाय की पाइपच?"

"पाइपच, अप्पा."

"बदलता येत नाही?"

"नाही."

"हं." त्यांनी आपला हात मांडीवर उलटा-सुलटा करून पाहिला. "वाढत जाणार?"

"हळूहळू. पुढे गिळायलाही त्रास होईल कदाचित."

"आणि तू हेच शिकवतेस ना? स्नायू?"

"हो," ती म्हणाली. ती थांबली. आता येईल, तिला वाटलं, आता ते विचारतील. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. ठोकणं थांबलं, परत सुरू झालं. अप्पा म्हणाले, "भिंत पोकळ आहे त्याची. खिळा नाही टिकायचा." आणि विषय तिथेच राहिला.

प्रयोगशाळेला तिने येत नाही म्हणून कळवलं. त्यांचं सौजन्याचं उत्तर आलं, आणि ते वाचताना छातीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. सुटका. ज्या वर्षासाठी तिने बापाला आळशी ठरवलं होतं, ते वर्ष हातातून गेलं आणि तिला हलकं वाटलं. म्हणजे ते तिला एवढं हवंही नव्हतं की काय? मग ते कशासाठी केलं? अप्पांना तिने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गेली असतीस तर बरं. मला एकट्याला धडपडायला मोकळीक मिळाली असती." ती हसली नाही. तेही हसले नाहीत. घरात आता वेगळीच शिस्त आली होती. संडासात कठडा बसला, पेल्यांच्या जागी दोन कानांचे हलके कप आले. ती त्यांचे बूट चढवायची, गुंड्या लावायची, आणि या सगळ्यात कुठे चूक म्हणून नाही, इतकी तत्पर असायची की एकदा ते म्हणाले, "अगं, श्वास मी घेतो. तेवढं राहू दे माझ्याकडे." रात्री अंथरुणात तिच्या पोटऱ्या दुखायच्या, आणि ते दुखणं तिला आवडायचं. तेही तिला कळलं तेव्हा लाज वाटली.

मग आत्या आली. अप्पांची धाकटी बहीण. दुसऱ्या गावाहून, दोन पिशव्या आणि एक मोठा आवाज घेऊन. आल्या आल्या भावाच्या गळ्यात पडून रडली, मग तोंड धुऊन आली, मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि चौकशीला लागली. कसं झालं, केव्हा झालं, कुणी बघितलं. चहा झाला होता. लेक अप्पांच्या शेजारी स्टुलावर बसून कप त्यांच्या ओठांना लावत होती. हनुवटी खाली घेऊन एकेक घोट घ्यायचा, म्हणजे ठसका लागत नाही, हे न्यूरॉलॉजिस्टबाईंनी शिकवलं होतं. "पण मला एक कळत नाही," आत्या म्हणाली, आणि भाचीकडे वळली. "अगं, तू या विषयाची ना? पोरांना हेच शिकवतेस ना? परक्याच्या पोरांना कळतं आणि घरात बाप झिजतोय ते दिसलं नाही? वर्षभर? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच की."

तिने कप खाली घेतला. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते असं, आत्याच्या तोंडून, चहाच्या वासात समोर आलं होतं. अंगात एक विचित्र सैलपणा आला, दुखरा दात एकदाचा उपटला जाणार असतो तेव्हा येतो तसा. ती म्हणणार होती, दिसलं होतं. एवढंच. दोनच शब्द.

"तिला कसं दिसणार?" अप्पा म्हणाले. "मी दाखवलं तर ना. लपवलं मी."

"लपवलंस?"

"मग काय. ती बाहेर गेली की पडायचो. ती घरात असली की खुर्ची सोडायचो नाही. मला माहीत होतं, हिला कळलं तर ही त्या मोठ्या कामाला जायची नाही." ते अगदी सहज बोलत होते, सगळे नट आधीच सैल करून ठेवल्यासारखं. "तुला माहितेय मी लबाड किती ते. आपल्या बाबांना मी शाळा बुडवल्याचा पत्ता लागू दिला होता का?"

आत्या भावाकडे बघत राहिली, मग हळूहळू भाचीकडे. आत्याचे डोळे अजून लाल होते. "हो का गं?" तिने विचारलं. "लपवलं यानं?"

अप्पा तिच्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते. तिला आपल्या गळ्यातले बारीक स्नायू जाणवले, नाव माहीत असलेले, दरवर्षी फळ्यावर काढलेले. ते घट्ट झाले, श्वास त्यांच्यातून गेला.

"हो," ती म्हणाली.

"बघ बाई," आत्या म्हणाली, पदराने डोळे टिपले. "जन्माचा हट्टी. आणि मी तुला बोलले. माफ कर हो पोरी." तिने भाचीच्या गालावरून हात फिरवला, उबदार, किंचित ओला हात, आणि रिकामे कप गोळा करून, भावाच्या शाळेतल्या उनाडक्या मोठ्याने आठवत, स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

ती स्टुलावरून उठली नव्हती. "का सांगितलंत तसं?" तिने खालच्या आवाजात विचारलं. "मला दिसत होतं, अप्पा. तुम्हाला माहितेय."

"माहितेय," अप्पा म्हणाले.

"मग?"

"मग काय? तिच्या हाती दिलं असतं तर तिने तुला गावभर धुतलं असतं. चार दिवसांत सगळं फिटून मोकळी झाली असतीस." त्यांनी मान वळवून पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. "तुला बोलायचं ते मी बोलेन. ते माझं आहे. ते मी दुसऱ्या कुणाला द्यायचो नाही."

"मग बोला ना." तिचा आवाज फाटला. "बोला. आत्ता बोला."

अप्पांनी विचार केल्यासारखं केलं. त्यांचा खालचा ओठ पुढे आला, चहाचा थेंब त्यावर होता; तिने तो पुसायला हात उचलला आणि मध्येच थांबवला.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "अजून सुचत नाहीये नीट. इथे ऊन गेलं. मला त्या खिडकीशी ने."

ती त्यांच्यासमोर वाकली. पावलं रोवली, गुडघे मुडपले, दोन्ही हात त्यांच्या काखांतून मागे नेले. त्यांनी हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली. त्यांचा श्वास, चहाचा, म्हाताऱ्या माणसाचा, तिच्या कानाशी आला. "झालं?" तिने विचारलं. "मी तयार आहे," अप्पा म्हणाले, "तू हो." तिने दम धरला आणि मांड्यांवर जोर घेतला, आणि ते सगळेच्या सगळे तिच्या अंगावर आले, तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड.